जोशीबुवा असं म्हणालेच नव्हते

आता जे लिहिते आहे ते माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, भावाला ठाऊक नाही, आणि जिला ठाऊक व्हायला हवं होतं तिला तर — नाहीच. बारा वर्षं होऊन गेली. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुमच्याशी बोलायला जमेल. ओळखीच्या माणसासमोर हे शब्द घशाच्या वर येत नाहीत. मी करून पाहिलं आहे.

गोष्ट एका नावाची आहे. एवढीशीच. मुलीचं नाव काय ठेवायचं यावरून घरोघरी बोलणी होतात, रुसवे होतात, आणि बारशाच्या घुगऱ्या संपल्या की लोक विसरूनही जातात. आमच्या घरी रुसवा झाला नाही. झाला असता तर फार बरं झालं असतं.

आधी माझ्याच नावाचं सांगते. सोलापुरात मला सगळे सुशीलाबाई म्हणतात. ते सासरचं नाव. माहेरची मी धोंडाबाई. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, मी तरी टिकावं म्हणून आईनं मला दगडाचं नाव दिलं. किती जीव मुठीत धरून दिलं असेल — पण हे मला आत्ता कळतं. वडील रान सोडून मिलमध्ये लागले, मला त्यांनी हौसेनं मुलींच्या शाळेत घातलं, आणि तिथं हजेरीला माझं नाव आलं की मागच्या रांगेत खुसखुस सुरू व्हायची. तिसरीत असताना तपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी हजेरीपटावरचं ते नाव वाचलं आणि हसले. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत. ते हसू मला अजून दिसतं.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. नुसतं होतं ते सांगते.

पुढे मी सातवी पास झाले, माझं लग्न हायस्कुलातल्या एका शिक्षकांशी झालं आणि मी स्वतःच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. पोरींची नावं घालायला बायका यायच्या. एखादी म्हणायची, बाई, हिचं नाव ठकू. मी टाक दौतीत बुडवून लिहायची — शकुंतला. तिला वाचून दाखवायची. ती बावरून मान डोलवायची आणि अंगठा उठवून जायची. अशी किती नावं मी बदलली असतील? मला वाटायचं, मी त्या पोरींना त्या हसण्यातून सोडवते आहे. त्यांना हवं होतं का, हे मी एकीलाही विचारलं नाही.

माझा धाकटा भाऊ दत्तू मिलच्या ऑफिसात कारकून झाला. त्याला मंगळवेढ्याकडची एका शेतकऱ्याची मुलगी केली. तिचं नाव राही. काळीसावळी, कामाला वाघीण, बोलायला कमी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला ती वन्सं म्हणायची आणि माझ्याशी बोलताना पदर सारखा सावरायची, जणू मी शाळेतली बाई आहे आणि ती पाटी विसरून आली आहे. मला ते आवडायचं. तेही सांगून टाकते.

राहीच्या आईचं नाव हौसाबाई. वर्षातून एकदा ती लेकीकडे यायची — ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन, आल्या आल्या गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. एकदा मी शाळेतून थेट माहेरी गेले होते, दमले होते, भिंतीला टेकून बसले. या बाईनं काही न विचारता माझे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळायला लागली. म्हणाली, “दिसभर हुबं ऱ्हावं लागतं की माज्या बाईला.” मी पाय ओढून घेतले. मला लाज वाटली — तिच्या त्या आवाजाची, हातांना पडलेल्या भेगांची. तरी त्या हातांनी पाय हलके झाले होते.

राहीला पाचवा महिना असताना त्यांच्या गावात पटकी आली आणि हौसाबाई दोन दिवसांत गेली. राहीला तिचं तोंडही पाहायला मिळालं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सोलापुरातच झालं. मुलगी झाली.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी तिला बघायला गेले. खोलीत शेपू-ओव्याची धुरी घातलेली होती. राहीनं एरवी कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, म्हणून माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “वन्सं, माज्या आईचं नाव ठिवा की. हाक माराया तरी घावंल.”

माझी आई तिथंच बसली होती. ती म्हणाली, हौसा तर हौसा, नाव काय वाईट हाय? दत्तूला विचारलं तर त्याला काहीच वाटत नव्हतं. म्हणजे सगळ्यांच्या मनानं ठरलंच होतं.

माझ्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून दुसरं नाव होतं. नलिनी. शाळेत मी सांगूनही बसले होते, आमच्याकडे नलिनी आली म्हणून. आमच्या मुख्याध्यापिका पुण्याच्या. त्या बारशाला येणार होत्या. त्यांना माझं माहेरचं नाव ठाऊक नव्हतं, आणि ते कधी कळू नये याची मी किती काळजी घ्यायची! आता त्यांच्यासमोर पाळण्याशी वाकून मी काय पुकारणार — हौसा? मला तो साहेब दिसला. त्याची मिशी दिसली.

नवव्या दिवशी जन्मवेळ लिहिलेला कागद घेऊन मला जोशीबुवांकडे पाठवलं. घरात लिहिणारी-वाचणारी बाई मीच. जोशीबुवा म्हातारे, सिद्धेश्वराच्या तळ्याच्या वाटेवर राहायचे. त्यांनी पंचांग पाहिलं, कागदावर आकडे मांडले, पत्रिकेतलं नाव लिहून दिलं आणि विचारलं, हाक मारायला काय ठेवताय? मी सांगितलं, आईच्या मनात तिच्या आईचं नाव आहे, हौसा. ते म्हणाले, “ठेवा की. आजीचं नाव, चांगलंच आहे.” बस्स. एवढंच बोलले ते. चष्मा काढून पुसत बोलले, हेसुद्धा मला आठवतं.

तिथून दत्तूचं घर वीस मिनिटांच्या वाटेवर. तेवढ्यात मी काय ठरवलं? खरं सांगायचं तर ठरवलं असं काही नाही. उंबरा ओलांडला तेव्हा मला वाटत होतं की मी फक्त एवढंच म्हणेन — मला हे नाव आवडत नाही. पण माझ्या आवडीशी कुणीही भांडलं असतं. आईच भांडली असती. जोशीबुवांशी कोण भांडणार?

मी राहीजवळ बसले आणि म्हणाले, “जोशीबुवा म्हणाले, या मुलीच्या नक्षत्राला ते नाव जड आहे. लाभायचं नाही.”

राही मुलीला पाजत होती. तिनं पदर मुलीच्या तोंडावर ओढला, जणू ते शब्द तिच्या कानावर पडू नयेत. मग म्हणाली, “मग नगो.” एवढंच.

बारशाला मी हिरवं लुगडं नेसले होते. मुलीच्या कानात नलिनी म्हटलं, पाठीवर बायकांचे हात पडले, घुगऱ्या वाटल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, किती सुरेख नाव! त्यांनी राहीला विचारलं, आवडलं ना? ती म्हणाली, व्हय. तिला ते नाव नीट म्हणताही यायचं नाही. ती नलनी म्हणायची, आणि मी दुरुस्त करायची.

मूल काय, कुठल्याही नावानं वाढतं. नलू वाढली. शेजारी पद्मशाली विणकरांचं घर होतं, तिथून रंगीत सुताची टोकं गोळा करून आणायची आणि दोन्ही पायांच्या बोटांना बांधून मिरवायची. मला मूल नाही. रविवारी ती माझ्याकडे असायची. मी तिला अक्षरं शिकवली, ‘न’ आधी शिकवला. तुम्ही म्हणाल, एवढी माया होती तर मग? मलाही तेच वाटतं. माया होती. खोटंही होतं. दोन्ही एकाच घरात राहिली.

नलू चार वर्षांची झाली. सत्याग्रहाच्या वेळी सोलापुरात पुकारलेला मार्शल लॉ उठून गाव जरा स्थिरावला होता. एक दिवस शाळा लवकर सुटली आणि मी भर दुपारी दत्तूकडे गेले. दार लोटलेलं होतं. आतून राहीचा आवाज आला — तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, मोकळा, हसरा, थेट तिच्या आईसारखा. ती म्हणत होती, हौसा, ए हौसा, हिकडं बघ की. आणि नलू म्हणाली, ओ.

मी दार ढकललं. राही तिची वेणी घालत होती. मला बघून तिच्या हातातून पेड सुटले.

त्या क्षणी सांगता आलं असतं. किती सोपं होतं! बाई गं, मार की हाक, जोशीबुवा काहीच म्हणाले नव्हते. हसण्यावारीसुद्धा गेलं असतं. पण मी काय केलं? मी शाळेतल्या आवाजात विचारलं, “जोशीबुवांनी काय सांगितलं होतं, विसरलीस?” तिचं तोंड पांढरं पडलं. चुकलं म्हणाली. पुन्हा न्हाय म्हणाली. मी पाणी प्याले, आणि नलूला घेऊन बाहेर ओट्यावर बसले.

त्यानंतर महिन्याभरात नलूला ताप आला. मुदतीचा ताप. डॉक्टर येत होते, औषधं चालू होती. मी शाळेची रजा काढून जात होते. अठराव्या दिवशी सकाळी ती गेली. तापात ती कुणालाच ओळखत नव्हती. नलू म्हटलं तरी बघायची नाही. राही तिच्या उशाशी होती, पण तोंड घट्ट मिटून. अठरा दिवसांत तिनं मुलीला एकदाही नावानं हाक मारली नाही, कुठल्याच. ते मला तेव्हा विचित्र वाटलं होतं, पण मी विचारलं नाही.

आता मी ज्याच्याभोवती इतका वेळ फिरते आहे तिथं आले.

नलू जाऊन तेरावा की चौदावा दिवस होता. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघीच. राही न्हाणीपाशी भांडी घासत होती. हात थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “वन्सं, म्या मारलं तिला.”

मी म्हटलं, काहीतरी काय बोलतेस? तेव्हा तिनं सांगितलं. “तुमी बजावलं व्हतं. त्या दिसानंतरबी म्या हाक मारली. दोनदा. कुणी नव्हतं म्हणून मारली. लई आठवण आली व्हती आईची.” मग म्हणाली, “ह्यास्नी सांगू नगासा.”

राखेनं माखलेले तिचे हात मांडीवर उपडे पडले होते. माझ्यापासून दोन हातांवर. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. जोशीबुवा असं म्हणालेच नव्हते — चार शब्द. ते म्हटले असते तर काय झालं असतं? दत्तूनं मला घरात पाऊल ठेवू दिलं नसतं. आईनं तोंड फिरवलं असतं. शाळेत कळलं असतं. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं, हे मला पक्कं आठवतं. दुःखात माणसाला सुचत नाही म्हणतात. मला सगळं सुचलं होतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “जाऊ दे. झालं ते झालं. मी कुणाला सांगणार नाही.”

मी तिला क्षमा केली. कळलं तुम्हाला? मी — तिला.

ती माझ्या पायांवर डोकं ठेवून रडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

आणखी दोन वर्षांनी तिला पुन्हा मुलगी झाली. या वेळी तिनं काही मागितलं नाही. उलट मला म्हणाली, वन्सं, जोशीबुवाला इचारून या, ते म्हणतील तेच ठिवा. मी गेले. जोशीबुवांना आता नीट दिसत नव्हतं, पण त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. विचारलं, “पहिलीला आजीचंच नाव ठेवलंत ना?”

मी हो म्हटलं.

दुसरीचं नाव विमल ठेवलं. मीच सुचवलं.

त्याच सुमारास राहीच्या भावाला मुलगी झाली आणि त्यानं साहजिकच आपल्या आईचं नाव ठेवलं. निरोप आला तशी राही तान्ही पोर काखेत घेऊन मंगळवेढ्याकडे गेली. तिथं काय झालं ते मला दत्तूकडून कळलं. भावाच्या पाया पडून ती म्हणत होती, नाव बदल, हे नाव पोरीला खाईल. भाऊ चिडला. आईच्या नावाला अपशकुनी म्हणतेस, तर पुन्हा या दारात येऊ नकोस, म्हणाला. ती परत आली ती आलीच. त्यानंतर तिचं माहेर तुटलं. दिवाळीला कुणी न्यायला आलं नाही, राखी पौर्णिमेला ती दारात भावाची वाट बघत उभी राहून आत यायची. ती दुसरी हौसा मात्र चांगली ठणठणीत वाढते आहे, असं कुणीतरी सांगत आलं. मला वाटलं, आता तरी राहीच्या लक्षात येईल. ती विचार करून म्हणाली, तिचं नक्षत्र येगळं असंल.

दत्तू हे सगळं खुळेपणा समजायचा आणि माझ्याकडे तक्रार करायचा, तू शिकलेली, तू तिला समजाव. मी म्हणायची, बघते.

राहीनं पुढे आपल्या आईचं नाव कधीच घेतलं नाही. पितृपक्षात घरच्या सगळ्या गेलेल्या बायकांची नावं निघायची, तिच्या आईचं निघायचं नाही. तेल चोळणारी ती मोठ्या आवाजाची बाई — लेकीच्या मनात ती नातीला ओढून नेणारी झाली होती. आणि तिला तसं करून ठेवणारी मी.

गेल्या पौषात राही काविळीनं अंथरुणाला खिळली. आठ दिवस होती. आठही दिवस मी दुपारी तिच्याजवळ बसले, रोज आज सांगायचंच असं ठरवून. कधी शेजारीण यायची, कधी ती झोपलेली असायची, कधी ती जागी असायची आणि खोलीत दुसरं कुणी नसायचं — आणि तरी मी तिला उसाचा रस पाजून, तोंड पुसून उठायची. कसली भीती होती आता? आई वारली होती. मुख्याध्यापिका बदली होऊन केव्हाच गेल्या होत्या. सवय झाली होती, एवढंच खरं असेल. राही माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघायची, त्याची सवय.

सातव्या दिवशी तिनं विमलला जवळ बोलावलं. विमल सहा वर्षांची. तिचा हात घेऊन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आत्या सांगंल तसं वागायचं. म्या एकदा ऐकलं न्हाय.” पुढचं तिला बोलवलं नाही. विमलला काय कळलं असेल? तिनं मान हलवली. मीही हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राही गेली.

विमल आता माझ्याकडेच असते. दत्तू मिलमधून सुटला की येऊन तिला बघून जातो. शाळेत ती माझं बोट धरून येते. हुशार आहे. मध्ये एकदा तिनं विचारलं की माझ्या आईच्या आईचं नाव काय होतं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तिनं लगेच खरं मानलं.

माझं ती सगळं ऐकते.